एका नदीची दोन नावं

दोन मिनिटं काही करू नका. हातातलं बाजूला ठेवा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. आज आपल्याला दूरच्या एका नदीकाठी जाऊन बसायचं आहे, आणि तिथून उठायची घाई नाही.

ही नदी टेक्सस आणि मेक्सिको यांच्यामधून वाहते. उत्तरेच्या काठावर तिला रिओ ग्रांदे म्हणतात, दक्षिणेच्या काठावर रिओ ब्रावो. 1848 च्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहानं ती दोन देशांची हद्द ठरली. उत्तर काठावर कितीतरी मेक्सिकन कुटुंबं आधीपासून नांदत होती. ती कुठे गेली नाहीत. हद्दच त्यांना ओलांडून दक्षिणेला सरकली.

एवढंच मनात धरा. घर न सोडता परकं होणं.

आता नदीपासून थोडं आत, पश्चिम टेक्ससच्या कोरड्या माळावर चला. मार्फा नावाचं लहानसं गाव. तिथं मातीच्या विटांची एक शाळा आहे, ब्लॅकवेल स्कूल. मेक्सिकन मुलांची शाळा वेगळी असे, ती ही. 1954 साली इथं मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, त्या एका पेटीत भरल्या आणि पेटी शाळेच्या आवारात पुरली. ‘मिस्टर स्पॅनिश’चा अंत्यविधी म्हणून. यापुढे शाळेत फक्त इंग्रजी.

त्या खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या एका मुलीकडे पाहा. घाई नको. तिच्या बोटांना अजून पेन्सिलीचं काळं लागलेलं आहे. संध्याकाळी ती घरी जाईल आणि आजी विचारेल, “कोमीस्ते?” जेवलीस का? या प्रश्नाचं उत्तर ती कुठल्या भाषेत देईल? दुपारी जी मातीत घातली, ती भाषा आजीच्या तोंडी जिवंत आहे. मुलीच्या घशात काय अडकलं असेल, तिथं जरा वेळ राहा.

2007 साली या शाळेचे विद्यार्थी पुन्हा आवारात जमले. केस पांढरे झालेले. त्यांनी जमीन उकरली आणि पुरलेल्या भाषेचं प्रतीक म्हणून मातीतून स्पॅनिश शब्दकोश वर काढला. मधे त्रेपन्न वर्षं गेली होती. 2022 च्या कायद्यानं ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली, पण माझं मन त्या उकरणाऱ्या हातांपाशीच थांबतं. इतका उशीर का लागला असेल?

मला वाटतं, मधली वर्षं पोट भरण्यात जातात, मुलं वाढवण्यात जातात. शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल आपल्याला बसला तो मार पोरांना बसू नये म्हणून कितीतरी आईबापांनी घरात स्पॅनिश बोलणंच सोडलं. प्रेमापोटी सोडलं, हे समजून घेतल्याशिवाय त्यांना दोष देऊ नये. मग एक दिवस आई जाते. तिच्या कपाटातून बिस्किटांचा जुना डबा निघतो, आणि त्यात फोटो असतात.

असा एक डबा तुमच्या मांडीवर आहे असं समजा. वरचा फोटो हातात घ्या. काळा-पांढरा, कडा नक्षीदार कातरलेल्या. ओसरीवर दोन बायका उभ्या आहेत. उन्हानं डोळे बारीक केलेले. एक तुमची आई. दुसरी कोण? फोटो उलटा करा. मागे पेन्सिलीनं एकच शब्द आहे: ‘कोमाद्रे’. आपल्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरणारी जी धर्ममाता, तिचं आईशी जुळलेलं नातं. इंग्रजीत त्याला रोजच्या बोलण्यातला शब्द नाही. शब्द वाचता येतो, पण ती बाई कोण हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

इथं थांबा. लिहिणं इथूनच सुरू होतं.

लेखिका नॉर्मा कान्तू हिचा जन्म 1947 चा, नदीच्या दक्षिणेला नुएव्हो लारेदोत. ती वाढली उत्तरेला लारेदोत. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, 1995 मध्ये, तिचं ‘कानीकुला’ हे पुस्तक आलं. घरचे फोटो आणि त्यांच्याभोवती लहान लहान आठवणी. त्यात काही वेळा फोटो एक सांगतो आणि मजकूर थोडं वेगळं सांगतो. मला हे फार खरं वाटतं. फोटोला उच्चार नसतो, त्याला कुणी ‘तुझी स्पॅनिश मोडकी आहे’ म्हणून हिणवू शकत नाही. पण तो गप्प असतो. बोलायचं आपल्यालाच असतं, आणि बोलताना चुकायचंही.

दुसरा एक फोटो पाहा, जपून. छायाचित्रकार लॉरा अग्विलार हिनं 1990 मध्ये स्वतःचाच काढलेला. एका बाजूला अमेरिकेचा ध्वज, दुसऱ्या बाजूला मेक्सिकोचा, मध्ये ती. डोकं मेक्सिकोच्या ध्वजात गुंडाळलेलं, कमरेला अमेरिकेचा, आणि गळ्यात जाड दोर. चेहरा दिसतच नाही. मला या फोटोपुढे फार वेळ बसवत नाही. तेव्हा ती तिशीत होती. तो दोर नजरेसमोर राहू द्या. तो लगेच सोडवायला जाऊ नका.

‘नि दे आकी, नि दे आया,’ असं या सीमेवरचे लोक म्हणतात. इथलेही नाही, तिथलेही नाही. याच सीमेवर वाढलेल्या लेखिका ग्लोरिया आन्सालदुआनं त्या अधल्यामधल्या जागेसाठी नाहुआत्ल भाषेतला जुना शब्द उचलला: नेपान्तला. नाव मिळालं की जागेवर पाय टेकता येतात. पाय टेकून पाहा.

आता शेवटचं. नोव्हेंबरची पहिली तारीख आहे, गेलेल्यांची आठवण करण्याचा मेक्सिकन सण. टेबलावर चादर अंथरली आहे, मेणबत्ती, पाव, पाण्याचा पेला, आणि गेलेल्यांचे फोटो. भोवती सेंपासुचीलची केशरी फुलं. हा आपला दसऱ्याचा झेंडू. तो मूळचा मेक्सिकोचाच. वास ओळखीचा आहे, खोल घ्या.

साठी ओलांडलेली एक बाई आईच्या फोटोखाली ठेवायला चिठ्ठी लिहिते आहे. आईचं आडनाव पेन्या, म्हणजे खडक. इंग्रजी कागदपत्रांत ‘एन’वरची छोटी लाट गळाली आणि ते झालं पेना, म्हणजे दुःख. दाखल्यांची सगळी चळत तशीच आहे. तिनं चार अक्षरं लिहिली आहेत. पेन्सिल उचलली आहे.

तिच्याबरोबर श्वास घ्या. ती आता तिसऱ्या अक्षरावर लाट काढते आहे.