तेरची पांढरी आणि दक्षिण इटलीतील जुनी गावे

दक्षिण इटलीतील जुनी गावे पाहायला जाणारे प्रवासी एखादे चर्च किंवा किल्ला पाहून परतत नाहीत. सामान्य माणसांची घरे, त्यांच्यामधील बोळ, जिने आणि पाण्याची टाकी यांनी मिळून बनलेले अख्खे गाव हेच त्यांच्या दृष्टीने पाहण्याचे स्थळ असते. मराठवाड्यातील प्रवासाची रीत निराळी आहे. येथे माणूस परळीला वैजनाथाच्या आणि अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला जातो, फार तर धारूरचा किल्ला चढतो; परंतु या स्थळांना शतकानुशतके पोसणारी वस्तीही पाहण्याजोगी आहे, असे त्याला सहसा वाटत नाही. केज तालुक्यातील नांदूरघाटाकडून मांजरा ओलांडून कळंबमार्गे तेरणाकाठच्या तेरला जाणाऱ्याच्या बाबतीत ही उपेक्षा अधिकच खटकते, कारण तेरचा इटलीशी असलेला संबंध केवळ तुलनेपुरता नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात, म्हणजे समुद्रमार्गांच्या मार्गदर्शिकेत, पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरील तगर या दोन दख्खनी बाजारपेठांचा उल्लेख असून, तगरहून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे, असे त्यात म्हटले आहे. हे तगर म्हणजेच तेर, ही ओळख अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडली. पुढे १९३८ मध्ये दक्षिण इटलीतील पोंपेई या प्राचीन नगराच्या उत्खननात भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, जी आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी विलक्षण साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या असून तेरची मूर्ती तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. पोंपेईची मूर्ती नेमकी कोणत्या गावी कोरली गेली याविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याचे ते नगर आणि तेरणाकाठचे हे गाव एकाच व्यापारी जाळ्यात होते, हे मानायला अडचण नाही.

इ. स. ७९ मधील उद्रेकाने पोंपेईचे जगणे एका झटक्यात थांबवले आणि म्हणूनच ते टिकले. तेरमध्ये जगणे थांबलेच नाही. जुन्या घराची माती ढासळली की त्याच मातीवर नवे घर उभे राहिले आणि त्यातून पांढरी, म्हणजे शेतीच्या काळ्या रानाहून वेगळी, राखट मातीची उंच गावठाण जमीन तयार झाली. ही माती भिंतींना आणि माळवदाला, म्हणजे लाकडाच्या आधारावर माती घालून केलेल्या सपाट छताला, उपयोगी पडत असल्याने मराठवाड्यात ती पिढ्यान्‌पिढ्या खणून नेली गेली. विटांचे, गजपृष्ठाकार छपराचे त्रिविक्रम मंदिर पूजेत राहिल्याने वाचले. त्याच्या भोवतीचे नगर मात्र पुढच्या पिढ्यांच्या भिंतींत गेले. साच्यांतून काढलेल्या मृण्मूर्तींसाठी विख्यात असलेल्या या गावी संत गोरा कुंभारांची समाधी असावी, हा योग लक्षणीय म्हणावा लागेल.

पोंपेईपेक्षा मातेराचे उदाहरण मराठवाड्याला जवळचे आहे. बासिलिकाता प्रांतातील या गावी मऊ खडकात कोरलेल्या ‘सास्सी’ नावाच्या घरांत माणसे आणि जनावरे एकत्र राहत. लेखक कार्लो लेवी यांच्या १९४५ च्या पुस्तकाने या दैन्याकडे लक्ष वेधले, १९५२ च्या कायद्याने सुमारे १५ हजार रहिवाशांना हलवण्याचे ठरले आणि घरे ओस पडली. १९८६ च्या कायद्याने त्यांच्या दुरुस्तीला पैसा मिळाला, १९९३ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली आणि आज त्यांपैकी कित्येक महागडी हॉटेले आहेत. ज्यांना तेथून लाजेखातर हलवले, त्यांच्यापैकी अनेकांना आता तेथे एक रात्रही परवडणार नाही, ही या यशाची कडू बाजू प्रशंसकांनी विसरू नये.

त्याच १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली, आणि मराठवाड्याने माळवदावरचा विश्वास गमावला. तो गमावणे योग्यच होते. मृत्यूची भीती वारसाप्रेमाने खोडता येत नाही. तरीही भूकंपापासून दूर राहिलेल्या गावांतील वाडे कोसळतात ते वेगळ्या कारणाने. भावकीच्या वाटण्यांत ढाळज, म्हणजे दारालगतची बैठकीची जागा, एकाकडे, चौक दुसऱ्याकडे आणि विहीर तिसऱ्याकडे जाते. हिस्सेदारांपैकी काही पुण्यात स्थायिक होतात आणि पावसाळ्यापूर्वी माळवदावर मातीचा थर देण्याचा खर्च कोणी करायचा, हे ठरत नाही. मातेरात बहुतेक घरांची मालकी सरकारकडे आल्याने ती दीर्घ मुदतीच्या कराराने दुरुस्तीसाठी देता आली. येथे तसे घडणे अवघड आहे, कारण येथील वाड्याला मालक नाहीत असे नसून ते गरजेपेक्षा जास्त आहेत, आणि त्या सर्वांच्या सह्या एका कागदावर आणण्याचे काम पुरातत्त्व खात्याचे नव्हे, मिळकतीच्या दप्तराचे आहे.