हरवणाऱ्यांच्या जिवावर

मेटल डिटेक्टर हे यंत्र आपल्याला काही नवीन नाही. रेल्वे स्टेशनाच्या दारात त्याची चौकट उभी असते. आपण तिच्यातून गेलो की ती ‘पीं’ करते आणि शेजारी बसलेल्या हवालदारासकट कुणीही तिच्याकडे लक्ष देत नाही. तेव्हा या ‘पीं’वर एखाद्याचं पोट चालू शकेल, असा विचार वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत माझ्या मनात आला नव्हता. तो आला इंग्लंडात, बोर्नमथच्या समुद्रकिनाऱ्यावर.

२०२५च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे गेलो होतो. परदेशात मुलीकडे राहणाऱ्या निवृत्त बापाला तीनच कामं असतात. नातवाला शाळेत पोचवायचं, भांडी धुण्याच्या यंत्रात भांडी चुकीची लावायची आणि प्रत्येक वस्तूच्या किमतीचे रुपये करून हळहळायचं. ही तिन्ही उरकून मी किनाऱ्यावर फिरायला जाई. तिथे एक म्हातारा रोज दिसायचा. कानावर हेडफोन, हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढं चक्र. ते वाळूवरून असं फिरवायचा की जणू समुद्राला इस्त्री करतोय. मध्येच थांबायचा, भोकाभोकांच्या फावड्यानं वाळू उपसायचा आणि काहीतरी खिशात टाकायचा. ते ‘काहीतरी’ मला स्वस्थ बसू देईना.

“बाबा, आपल्याकडेही आहे की ते यंत्र,” जावई म्हणाले. नातवासाठी आणलेलं, दोनदा वापरलेलं ते यंत्र गॅरेजात पडून होतं. वर त्यांनी एक गोष्टही सांगितली. २००९ साली स्टॅफर्डशायरमध्ये टेरी हर्बर्ट नावाच्या गृहस्थांना असंच यंत्र फिरवताना एका शेतात अँग्लो-सॅक्सन काळातलं सोनं सापडलं. किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड! निम्मे त्यांना, निम्मे शेतमालकाला. ते शेत होतं, समुद्र नव्हता, ही बारीकशी गोष्ट मला त्या रात्री अजिबात दिसली नाही. झोपही लागली नाही.

मी चौतीस वर्षं कोर्टात कारकुनी केली आहे. त्यामुळे लोभ झाला तरी तो नियमानं होतो. सकाळी उठून चौकशी केली. किनारा ज्याचा असेल त्याची परवानगी हवी. तिकडच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यापैकी जवळजवळ निम्मा ‘क्राउन इस्टेट’चा आहे. तीनशे वर्षांपूर्वीचं सोनंनाणं सापडलं तर १९९६च्या कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत कॉरोनरला कळवायचं. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. धन सापडल्याची वर्दी मढ्यांच्या अधिकाऱ्याकडे द्यायची, ही इंग्रजांची व्यवस्था मला फार अर्थपूर्ण वाटली.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. चक्रातून चुंबकीय लहरी जमिनीत जातात, खाली धातू असला तर तो त्यांना उत्तर देतो आणि यंत्र ओरडतं. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलसाहेबांनी १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली बंदुकीची गोळी असल्याच यंत्रानं शोधायचा प्रयत्न केला होता. ती सापडली नाही. बिछान्यातल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोटाळा केला म्हणतात. म्हणजे नको ते सापडणं आणि हवं ते न सापडणं हा या यंत्राचा जन्मजात स्वभाव आहे.

मला त्याचा लगेच प्रत्यय आला. पहिल्या दिवशी मला चौदा बाटल्यांची बुचं, एक खिळा आणि पेयांच्या डब्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नऊ कड्या मिळाल्या. यंत्रावर कचरा गाळायची एक कळ होती. ती मी मोठ्या हुशारीनं फिरवली. तेवढ्यात तो म्हातारा आला. हा पोस्टमन म्हणून निवृत्त झालेला गृहस्थ. तो म्हणाला, “ती कळ फिरवू नका. सोन्याची अंगठी आणि डब्याची कडी, दोघींचा आवाज जवळजवळ सारखाच येतो. कचऱ्याला नको म्हणालात की सोन्यालाही नको म्हटल्यासारखं होतं.”

एवढं तत्त्वज्ञान माझ्या साहेबांनी चौतीस वर्षांत मला शिकवलं नव्हतं.

मी सहा सकाळी, रोज तीन तास वाळू उपसली. मिळकत : चार पौंड सतरा पेन्स आणि एक गंजलेली खेळण्यातली मोटार. तासाला पडले तेवीस पेन्स. त्या वेळी तिथल्या प्रौढ कामगाराला कायद्यानं तासाला किमान बारा पौंड एकवीस पेन्स द्यावे लागत. म्हणजे अठरा तासांत कुणाच्या हॉटेलात बश्या विसळल्या असत्या तर दोनशे एकोणीस पौंड अठ्ठ्याहत्तर पेन्स मिळाले असते, आणि कंबरही इतकी दुखली नसती.

सातव्या दिवशी मात्र यंत्र ओरडलं आणि वीतभर वाळूखालून एक अंगठी निघाली. सोन्याची, पुरुषी मापाची. आत दोन आद्याक्षरं आणि १९८७ साल कोरलेलं. मी उभ्या उभ्या तोळ्याचा भाव लावला आणि बश्या विसळणाऱ्यांची मला कीव आली.

घरी येऊन ती हिच्यासमोर धरली. हिनं ती हातात घेतली नाही. नुसती बघत राहिली आणि म्हणाली, “अहो, आपली कुडी कुणाला सापडली असेल हो?”

चौऱ्याऐंशी साली अलिबागच्या किनाऱ्यावर हिच्या कानातली मोत्याची कुडी पडली होती. सासूबाईंनी, म्हणजे माझ्या आईनं दिलेली. अंधार पडेपर्यंत आम्ही वाळू चाळली. परतताना मी म्हणालो होतो, “जाऊ दे गं, कुणा गरिबाला मिळेल, त्याची चूल पेटेल.” फार उदात्त वाक्य होतं. त्यावर ही अवाक्षर बोलली नव्हती. उरलेली एक कुडी चाळीस वर्षं डबीत आहे. ती मोडली नाही, तिची जोडही केली नाही. आता अंगठी माझ्या हातात होती आणि ‘कुणा गरिबा’ची भूमिका माझ्याकडे आली होती.

कायदा मला पाठ होता. आपल्या १८६०च्या दंड संहितेत, मेकॉलेसाहेबांच्या त्या प्रसिद्ध संहितेत, कलम ४०३खाली उदाहरणं दिलेली आहेत. रस्त्यात रुपया सापडला, कुणाचा ते ठाऊक नाही, उचलला : गुन्हा नाही. मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा तपास न करता लगेच विकली : गुन्हा. २०२४च्या जुलैपासून त्या संहितेच्या जागी न्याय संहिता आली, कलमाचा आकडा बदलला, पण तत्त्व तेच राहिलं. एका इंग्रजानं आम्हाला शिकवलेला धडा त्याच्याच देशाच्या वाळूत मला आठवावा, याला काय म्हणावं?

पण कायदा बाजूला ठेवा. मला प्रश्न पडला तो निराळाच. या धंद्यावर खरंच घर चालवायचं म्हटलं तर रोज कुणाची तरी अंगठी पडायला हवी. सकाळी देवापुढे हात जोडून मी काय मागू? ‘आज पाणी गार असू दे, लोकांची बोटं आक्रसू देत’? तुम्ही म्हणाल, डॉक्टरचंही पोट लोकांच्या दुखण्यावरच चालतं. खरं आहे. पण डॉक्टर दुखणं घेऊन त्याच्या बदल्यात काही देतो. वाळूतला माणूस अंगठी घेतो आणि मालकाला काय देतो? फार तर एक उदात्त वाक्य.

आपल्याकडे झारेकरी असतात. सराफाच्या दुकानातला केरकचरा धुऊन त्यातले सोन्याचे कण काढतात. पण झारेकरी तो केर विकत घेतो. त्यात सोनं निघो न निघो, पैसे आधी मोजतो. सराफालाही ठाऊक असतं की आपण काय विकतोय. म्हणून ती उपजीविका. माझ्या अंगठीचे पैसे मी कुणाला मोजले होते?

हे सगळं मी त्या पोस्टमनला विचारलं. तो हसला. सुटी नाणी तो ठेवतो, अंगठ्यांचे मालक शोधतो. “आयुष्यभर पत्ता वाचून वस्तू पोचवल्या, आता पत्ता नसलेल्या पोचवतो,” म्हणाला. यात भागतं का, असं मी विचारल्यावर त्यानं जे सांगितलं त्याचं मराठी असं : पोट भरत नाही, पण दिवस भरतो. आपल्या भाषेत दिवस भरण्याचा अर्थ जरा वेगळा होतो, पण आमच्या वयाला दोन्ही लागू! मग तो हलकेच म्हणाला, “पेन्शन आहे म्हणून परत करता येतं. नसती तर मीही मालक इतक्या मन लावून शोधला नसता.”

त्याच्या सल्ल्यानं आम्ही किनाऱ्यावरच्या चहाच्या दुकानात चिठ्ठी लावली : अंगठी सापडली आहे, आत काय कोरलंय ते सांगणाऱ्यास मिळेल. नवव्या दिवशी एक बाई आली. अंगठी तिच्या नवऱ्याची. तो गेल्यापासून ती स्वतःच्या अंगठ्यात घालायची. अक्षरं आणि साल तिनं बरोबर सांगितलं, अंगठी घातली आणि अंगठा मुठीत घट्ट मिटून घेतला. मग पर्समधून पन्नास पौंडांची नोट काढून तिनं माझ्यापुढे धरली. माझा हात अर्धा इंच पुढे गेला होता, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात ही “नो, नो” म्हणाली. हिच्या एकूण इंग्रजीचा हा बराच मोठा भाग आहे. मग हिनं आपल्या कानाच्या पाळीला बोट लावलं, समुद्राकडे हात केला आणि रिकामा तळवा दाखवला. ती बाई काय समजायचं ते समजली. दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. मी यंत्र धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी तिनं बिस्किटांचा डबा आणून दिला. तेव्हा माझा ताळेबंद असा : रोख चार पौंड सतरा पेन्स, एक मोटार, बिस्किटं एक डबा. वजा यंत्राच्या बॅटऱ्या, सहा पौंड. हे पाहता पोटासाठी या धंद्यात पडण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

बिस्किटं केव्हाच संपली. डब्यात, रीतीप्रमाणे, सुया-दोरे गेले आहेत. आणि हल्ली ही अधूनमधून विचारते, “अहो, ते यंत्र आपल्याकडे कितीला मिळतं? एकदा अलिबागला जाऊन येऊ.”