बागायतदाराला दिवाळखोरीचा हक्क हवा

पावस परिसरातल्या हापूस बागायतदाराचे कर्ज सहसा एकाच खात्यावर नसते. भर पावसाळ्यात झाडांना कल्टार घालण्यापासून त्याचा खर्च सुरू होतो आणि पहिली पेटी वाशीला जाईपर्यंत पैसा नुसता बाहेर जात राहतो. खत, तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यासाठीच्या फवारण्या, राखणीला आणि काढणीला ठेवलेले नेपाळी गडी, खोकी, गाडीभाडे. यासाठी बँकेचे पीककर्ज असते. ते पुरत नाही म्हणून पतसंस्थेचे, त्यावर घरातले सोने तारण, औषधाच्या दुकानातली उधारी आणि शेवटी वाशीच्या दलालाकडून घेतलेली उचल. ही उचल सरकारच्या कुठल्याच यादीत येत नाही. ती दिसते फक्त पट्टीवर. माल विकल्यावर येणाऱ्या त्या कागदावर आधी भाडे-हमाली वजा होते, मग उचलीपोटीची रक्कम, आणि तळाशी उरतो तो आकडा बागायतदाराचा. थंडी लांबून पुनर्मोहोर आला आणि आधी धरलेली कैरी गळाली, किंवा १६ मे २०२१ च्या तौक्तेसारखे वादळ ऐन काढणीत किनाऱ्यावरून गेले, की तळाचा आकडा वजाबाकीतच संपतो. बँक, पतसंस्था, सोनार, दुकानदार आणि दलाल मात्र आपापल्या तारखेला उभेच राहतात.

या संकटावर आपल्याकडे एकच उत्तर ठरून गेले आहे, कर्जमाफी. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखाची मर्यादा होती, २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांची. त्या वर्षी ३० सप्टेंबरला ज्याची थकबाकी दोन लाखांवर होती, तो मूळ योजनेच्या बाहेर. फळबागेचा खर्च पाहता ही रेषा ओलांडणे अजिबात अवघड नाही. ज्याने दुसऱ्याची झाडे कराराने घेतली, त्याचे सातबारावर नाव नाही, म्हणून पीककर्ज नाही, म्हणून माफीही नाही. आणि वादळाचा तोटा मात्र सगळा त्याचा. कर्जमाफी एका सावकाराला सरकारी तिजोरीतून पैसे देते, बाकीच्या चौघांना हातही लावत नाही. तिचे वेळापत्रकही मोहोराशी नव्हे, निवडणुकीशी जुळलेले असते. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीचा अभ्यास करणाऱ्या झेव्हियर जिने आणि मार्टिन कान्झ यांना माफीनंतर परतफेडीची शिस्त ढासळलेली आढळली. कान्झ यांच्या स्वतंत्र पाहणीत माफी मिळालेल्यांनी शेतीतली गुंतवणूक वाढवल्याचेही दिसले नाही. कोकणात कर्ज न बुडवण्याचा जो अभिमान आहे, त्याला ही व्यवस्था उलट शिक्षाच करते. नियमित फेडणाऱ्यांना नंतर पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळाले खरे, पण मोडलेल्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता.

माझे म्हणणे असे की, या बागायतदाराला दया नको, कायदेशीर दिवाळखोरीचा हक्क हवा. कुणाचे किती देणे आहे हे एका ठिकाणी मांडावे, तोपर्यंत सगळ्यांची वसुली थांबावी, मालमत्ता आणि पुढचे उत्पन्न पाहून शक्य तेवढे ठरावीक काळात फेडावे आणि प्रामाणिकपणे ते केल्यावर उरलेल्या देण्यातून माणूस सुटावा. हा कायदा आपण अर्धा लिहून ठेवला आहे. २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी तिसरा भाग आहे; पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. पावसच्या माणसाला आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली अर्ज करावा लागतो. संहितेतली गरिबांसाठीची ‘नवी सुरुवात’ही कागदावरच आहे, आणि तिच्या अटी पाहा: वार्षिक उत्पन्न साठ हजारांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत, पात्र कर्ज पस्तीस हजारांपर्यंत आणि स्वतःचे घर नसावे. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी कर्जच ७४,१२१ रुपये निघाले. वडिलोपार्जित चिरेबंदी घरात राहणारा कोकणी शेतकरी घराच्या अटीलाच बाद होतो, मग त्या घराचे छप्पर गळत का असेना.

शेतकऱ्याला दिवाळखोरी ही कल्पना परकी आहे, असे कुणी म्हणेल तर त्याने १८७५ आठवावे. त्या वर्षी १२ मे रोजी सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्याने कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले, व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचे काम न्यायाधीशावर टाकले आणि शेतकऱ्याच्या नादारीसाठी स्वतंत्र प्रकरणही ठेवले. न्यायमूर्ती रानड्यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. अमेरिकेत १९८६ साली शेतीवरच्या अरिष्टात कौटुंबिक शेतकऱ्यांसाठी दिवाळखोरी कायद्यात बारावे प्रकरण घातले गेले. त्यात हप्ते हंगामाप्रमाणे बांधता येतात. एप्रिल-मेमध्येच पैसा पाहणाऱ्या बागायतदाराला नेमके हेच हवे आहे.

यावर मुख्य आक्षेप असा की, सुटका सोपी झाली तर लोक मुद्दाम बुडवतील आणि उसनवारी आटेल. यातला दुसरा भाग मी नाकारत नाही. दलाल उचल देताना हात आखडता घेईल, काही ठिकाणी व्याजही वाढेल. पण आजची अनिश्चितता सावकाराला स्वस्त पडते असे नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते, जप्तीपर्यंत जाते आणि सातबारावर काका-पुतण्यांची डझनभर नावे निघाली की लिलाव अडतो. दरम्यान जामीनदाराचा पगार कापला जातो आणि एक घर बुडायचे ती दोन बुडतात. मुद्दाम बुडवणाऱ्याचे म्हणाल, तर माफीला प्रामाणिक आणि लबाड वेगळे करता येत नाहीत. न्यायालयापुढे खाती उघडी करावी लागतात, लपवाछपवी पकडता येते. विल डॉबी आणि जे साँग यांनी अमेरिकेतल्या निकालांचा २०१५ साली अभ्यास मांडला. दिवाळखोरीचे संरक्षण मिळालेल्यांचे उत्पन्न ते न मिळालेल्यांपेक्षा वाढले आणि पुढच्या पाच वर्षांतले त्यांचे मृत्यूही कमी झाले. तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण डोक्यावरची वसुली थांबल्यावर माणूस काम टाकत नाही, पुन्हा उभा राहतो, एवढे त्यातून घेता येते. खरी अडचण वेगळी आहे. संहितेने व्यक्तींची प्रकरणे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दिली आहेत आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात असे एकही न्यायाधिकरण नाही. म्हणून हे काम जिल्हा न्यायालयाकडेच ठेवावे, तालुक्याच्या विधी सेवा समितीने अर्ज भरून द्यावा, घराची अट काढावी आणि दलालाची उचलही देण्यांच्या यादीत सक्तीने यावी.

बागायतदारांच्या संघटना दर हंगामानंतर निवेदने देतात आणि त्यात पहिली मागणी कर्जमाफीची असते. पुढच्या निवेदनात तिच्या वर ही मागणी लिहा: संहितेचा तिसरा भाग शेतकऱ्याला झेपेल असा दुरुस्त करून लागू करा. आमदाराइतकेच ते खासदाराच्याही हाती द्या, कारण हा कायदा दिल्लीत बदलायचा आहे.