पोटखराबा

महसूल खात्यात ज्यांची हयात गेली त्यांना ‘पोटखराबा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. एखाद्या सर्व्हे नंबरातील जो तुकडा खडक, नाला किंवा खड्डा यांपायी लागवडीखाली येत नाही, तो क्षेत्रातून वजा करावयाचा आणि त्यावरचा आकार सोडून द्यावयाचा, अशी ही रीत. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अंमलदारांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात ज्या मोजणी-आकारणीचा पाया घातला, ती पद्धत मुंबई इलाख्याची हद्द ओलांडून पुढे निजामाच्या राज्यातही आली. तिच्याबरोबर हा शब्दही आला आणि कानडी मुलखातील दप्तरांत ‘खराब’ या रूपाने अजून टिकून आहे.

शेतातील जुन्या दगडखाणींचे खड्डे या पोटखराब्यात मोडतात. सरकारच्या लेखी त्यांची ओळख एवढीच, की येथे काही पिकत नाही. असा खड्डा शेतकऱ्याने माती टाकून बुजवावयास घेतला, तर त्यात काही गैर आहे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. आम्हांला तो तसा वाटत नाही, आणि त्याचे कारण आमच्याच जुन्या गुलबर्गा जिल्ह्यातील, आता यादगीर जिल्ह्यात गेलेले, इसामपूर हे गाव आहे.

हुणसगीच्या खोऱ्यात हे गाव येते. पाटबंधाऱ्याच्या कामासाठी येथील माती उपसली गेली, आणि त्या मातीखाली चुनखडकाच्या फरशांचा एक थर व त्यावर पसरलेली दगडी हत्यारे उघडी पडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्राध्यापक के. पद्दय्या यांनी १९८३ मध्ये हे स्थळ ओळखले व १९९७ पासून काही हंगाम तेथे रीतसर उत्खनन केले. निघाली ती आदिमानवाची दगडखाण. खडकाला मुळातच भेगा होत्या. त्या भेगांवरून फरशा उचकटावयाच्या, सोयीची फरशी निवडून तिच्या कडा दुसऱ्या कठीण दगडाच्या घणाने झोडपावयाच्या आणि हातकुऱ्हाड, फरशी-कुऱ्हाड, सुरी अशी हत्यारे काढावयाची, हा तेथला उद्योग. झोडपण्याचे गोटे, फुटलेल्या ढलप्या, अर्धवट सोडलेली हत्यारे, सारे काम करणाऱ्याने ठेवले तेथेच पडून होते. तेथे मिळालेल्या जनावरांच्या दातांवरून काढलेला काळ सुमारे १२ लाख वर्षांपूर्वीचा आहे. येथे खाण म्हणजे खोल विहीर समजू नये. उथळ खाचा आणि उचकटलेला थर, एवढेच तिचे रूप. नांगरणाऱ्याला ती खडकाळ पड वाटणार आणि मोजणीदार तिची नोंद पोटखराब्यात करणार.

येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. हे स्थळ उघडे पडले ते माती उपसल्यामुळे. त्या वेळी कोणी पुरातत्त्वाच्या नावाने माती काढण्यास मनाई केली असती, तर आज इसामपूरचे नावही कोणी घेतले नसते. म्हणून ‘जुन्या जमिनीला हात लावू नका’ असा सरसकट आग्रह आम्हांला पटत नाही. मात्र पुढे त्याच खोऱ्यात कालव्याचे पाणी आले, भातशेतीसाठी जमिनी सपाट होऊ लागल्या आणि अनेक ठिकाणची हत्यारे कोणी पाहण्याआधीच उलथली गेली, हेही तितकेच खरे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे दगड फोडणारे आमचे कोण? वंशाने ते आमचे पूर्वज होते की नाही हेही सांगता येणार नाही. त्यांचे एखादे हाडसुद्धा तेथे सापडलेले नाही. त्यांना भाषा होती काय, आपल्या मेलेल्यांसाठी ते रडत होते काय, हे दगड सांगत नाहीत. अशांचे आपण काही देणे लागतो, असे म्हणणे पुष्कळांना हास्यास्पद वाटेल. पण आपल्या घराण्यांतून पक्षपंधरवड्यात तर्पण करणाऱ्यांना ठाऊक आहे, की बाप, आजा, पणजा यांच्या नावाने पाणी सोडून झाल्यावर शेवटी ज्यांचे नाव घेणारे कोणी उरले नाही त्यांच्यासाठीही एक ओंजळ सोडावयाची असते. त्या ओंजळीला गोत्र विचारले जात नाही. नाते सिद्ध झाल्यावरच ऋण मानावयाचे, ही दृष्टी व्यवहाराची झाली. आपल्या परंपरेने तिच्या पलीकडचीही सोय करून ठेवली आहे.

माळव्यातील वाचकांना भोजपूर माहीत असेल. बेटवेच्या काठी राजा भोजाचे म्हणून प्रसिद्ध असलेले अकराव्या शतकातील ते अपुरे शिवमंदिर. तेथे मंदिराइतकीच पाहण्यासारखी आहे ती शेजारची दगडखाण. खडकाच्या सपाटीवर खांबांचे, शिखराचे आराखडे रेषांनी कोरलेले आहेत, अर्धवट घडवलेले दगड पडलेले आहेत, दगड वर चढवण्यासाठी घातलेला मातीचा उतार आहे आणि दगडांवर पाथरवटांनी केलेल्या खुणा शेकड्यांनी आहेत. या खाणीला संरक्षण मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण राजाचे नाव आणि महादेवाची पिंड शेजारी नसती, तर ते मिळाले असते काय? आम्हांला शंका आहे. ज्या वाड्यांत आणि घाटांवर आपली घराणी दोन-अडीचशे वर्षे वावरली, त्यांचाही दगड कुठल्या तरी शिवारातून निघालेला आहे. वाडा कोणी बांधला हे आपण तोंडपाठ सांगतो. वडाराने आणि पाथरवटाने पाचरी ठोकून ज्या शेतातून दगड काढला, ते शेत सांगता येईल असे घर विरळा.

कायद्याची नजरही अशीच चालते. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याने जमिनीत दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचे काही सापडले, तर कलेक्टरला कळवण्याची सक्ती केली. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या अवशेषांना छत्र दिले, पण ते ज्यांना राष्ट्रीय महत्त्व आहे असे जाहीर झाले त्यांनाच. खड्डा म्हणजे काहीतरी नेल्यावर उरलेली पोकळी. तिची किंमत काय लावणार? ती जाहीर तरी कोण करणार?

दुसरी बाजू शेतकऱ्याची आहे, आणि ती हलकी नाही. दोन एकरांच्या धन्याला पाच गुंठ्यांचा खड्डा परवडत नाही. पावसाळ्यात त्यात पाणी साचते, लहान मुलाची भीती राहते. ‘साहेब, त्यात बैल पडून मेला तर भरपाई कोण देणार?’ असे त्याने विचारले, तर बारा लाख वर्षांच्या गोष्टी सांगून त्याचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये. ज्ञानाचा आनंद शहरातल्यांनी घ्यावयाचा आणि त्याची पट्टी मात्र खेड्यातल्याने भरावयाची, ही वाटणी आम्हांला अन्यायाची वाटते. आकार माफ केला म्हणजे सरकारचे देणे फिटले, असेही नव्हे. न पिकणाऱ्या जमिनीचा आकार सोडणे हा काही उपकार नाही.

म्हणून आमचे म्हणणे मर्यादित आहे. खड्डा राखण्याची सक्ती शेतकऱ्यावर नको, पण बुजवण्यापूर्वी तो पाहिला जाण्याची जबाबदारी आपल्यावर, म्हणजे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांवर आहे. त्याची लांबी-रुंदी घ्यावी, टाकीचे घाव व पाचरींच्या खाचा असतील तर छायाचित्रे काढावीत, गावातले वृद्ध त्याला काय नावाने ओळखतात ते टिपावे. भीमाचे नाव असेल, राक्षसाचे असेल; तेही लिहावे. तलाठ्याच्या दप्तरात शेऱ्याचा रकाना असतो आणि तो बहुधा कोराच राहतो. त्यात ‘जुनी दगडखाण’ असे दोन शब्द घालावयास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. आपल्या मंडळांतून निवृत्त माणसांची वाण नाही, वेळेचीही नाही.

बुजवलेला खड्डा तसाही पुरता जात नाही. भरावाची माती भोवतीच्या जमिनीपेक्षा खोल असली, तर ओल धरून ठेवते, आणि पाऊस ओढ देतो तेव्हा शेजारचे पीक सुकले तरी तेवढा तुकडा आठ-दहा दिवस हिरवा राहतो. उंचावरून पाहिले तर त्याची गोल कड स्पष्ट दिसते.