आभासी सोन्यावर मालकी कोणाची?

ऑनलाइन खेळातले सोने खऱ्या पैशाला विकावे का, या प्रश्नाच्या आधी दुसरा उभा राहतो: ते विकणाऱ्याचे असते का? ‘रूनस्केप’ या खेळाचे नियम अशी विक्री सरळ मना करतात. नाणी कंपनीची, खेळाडूला फक्त वापरायची मुभा. नेदरलँड्समध्ये २००७ साली दोन मुलांनी १३ वर्षांच्या मुलाला मारहाण करून, सुरी दाखवून त्याच खेळातला त्याचा ताईत आणि मुखवटा आपल्या खात्यात वळवून घेतला. हे तर संगणकातले आकडे, यात चोरी कसली, असा बचाव झाला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो फेटाळला. मुलाने त्या वस्तूंसाठी वेळ आणि कष्ट वेचले होते, त्या त्याच्या ताब्यात होत्या आणि त्या गेल्या. मात्र चोरीपासून संरक्षण म्हणजे विक्रीचा हक्क नव्हे. भाडेकरूच्या हातची किल्ली कोणी हिसकावू शकत नाही, म्हणून काही त्याला घर विकता येत नाही.

मालकीचा हा प्रश्न जुनाच. धर्मशास्त्रकार विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ या टीकाग्रंथात स्वत्व (मालकी) लौकिक मानले, म्हणजे केवळ शास्त्रवचनातून नव्हे, तर लोकव्यवहारातून सिद्ध होणारे. या कसोटीवर खेळाडूंची बाजू थोडी वजनदार होते. खेळातल्या सोन्याचा बाजार तर रोज भरतोच. पण करार हाही लोकव्यवहारच, आणि ‘मान्य आहे’वर टिचकी खेळाडूनेच मारलेली असते, बहुधा न वाचता.