वेळ खूप आहे

लग्नसराईतली आपल्या शहरातली गुलमंडी बाजारपेठ. सुपारी हनुमान मंदिराच्या पुढे सरकायचं तर खांद्याने वाट काढावी लागते. साड्यांच्या दुकानात गादीवर सात-आठ जणी बसलेल्या आणि सगळ्यांचं एकच, "दादा, लवकर दाखवा, बस गाठायचीय." तरुण सेल्समन भराभर घड्या मोडत होता. समोर ढीग झाला, पसंत मात्र एकही पडेना. शेजारी एक वयस्कर काका हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, नवरीसाठी की विहीणबाईंसाठी?" मग मागे वळून तीन साड्या काढल्या. दुसऱ्या साडीवर काम झालं.

दुकानातून बाहेर पडलो तेव्हा मला बोगदान वेंता आठवला.

वेंता पोलंडचा हँडबॉलपटू. ऐन उमेदीत, १९८४ साली, त्याच्या देशाने लॉस एंजेलिस ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला होता. त्याला ऑलिम्पिकचं मैदान मिळालं ते २००० साली सिडनीत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आणि तेही जर्मनीच्या संघातून. पुढे २००४ मध्ये तो पोलंडचा प्रशिक्षक झाला. २००७ च्या जागतिक स्पर्धेत संघाने रौप्यपदक मिळवलं.

पण पोलंडमध्ये त्याचं नाव घरोघरी पोचलं ते जानेवारी २००९ मध्ये. क्रोएशियात जागतिक स्पर्धा सुरू होती, समोर नॉर्वे. तासाभराच्या खेळातले जेमतेम पंधरा सेकंद उरलेले, बरोबरी ३०-३० आणि चेंडू नॉर्वेकडे. नॉर्वेने टाइम-आउट घेतला. घामेजलेल्या खेळाडूंच्या घोळक्यात वेंता शांतपणे म्हणाला की अजून वेळ खूप आहे. नॉर्वे गोलरक्षक काढून जादा खेळाडू उतरवेल, हे त्याने आधीच हेरलं होतं. झालंही तसंच. नॉर्वेच्या हातून चेंडू निसटला, पोलंडच्या आर्तुर शुद्म्याकने तो आपल्याच अर्ध्या मैदानातून भिरकावला आणि पलीकडचा गोल मोकळाच होता. ३१-३०. पोलंड उपांत्य फेरीत गेला. तेव्हापासून तिथले लोक गमतीने पंधरा सेकंदांना 'एक वेंता' म्हणतात.

हे पंधरा सेकंद वेंताला पुरले, कारण टाइम-आउट संपण्याआधीच मोकळी जागा कुठे होणार ते त्याला दिसलं होतं. दुकानातल्या काकांचंही तसंच. हात बांधलेले असले तरी त्यांचे डोळे कामात होते.

वेंता पुढे राजकारणात गेला. २०१४ मध्ये युरोपीय संसदेवर निवडून आला, मग २०१८ ते २०२४ क्येल्त्से शहराचा महापौर होता. राजकारणात भिंतीवर सेकंद मोजणारं घड्याळ नसतं, शिट्टी वाजत नाही. आणि 'वेळ खूप आहे' हे तेच वाक्य खुर्चीवरून आलं की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. नळाला पाणी कधी येणार हे कॅलेंडर बघून ठरतं, त्या आपल्या शहराला हे वेगळं सांगायला नको. 'होईल हो, वेळ आहे' असं आपण कितीदा ऐकलंय! आणि खरं सांगायचं तर, कितीदा म्हटलंयही. आईला दवाखान्यात न्यायचं असतं, मित्राची माफी मागायची असते, आणि आपल्याकडे वेळ असतोच.

शब्द तेच. एकाने समोरचा डाव वाचून झाल्यावर ते उच्चारले, दुसरा डाव वाचायचं टाळण्यासाठी उच्चारतो. पहिल्याच्या तोंडी तो धीर असतो, दुसऱ्याच्या तोंडी चालढकल.

आज कुणाला 'थांबा, वेळ आहे' म्हणायची पाळी आली, तर त्याआधी एक वेंता थांबून स्वतःलाच विचारावं: माझं बघून झालंय, की अजून बघायचंच आहे?