पात्र, अपात्र आणि चौथं पान

सुट्टीला उमरग्यात आलेल्या भाचीने निवृत्त चित्रकला शिक्षक असलेल्या मामांपुढे आठ पानं ठेवली. झेरॉक्स काढून वाटायची चित्रकथा. आत्महत्या केलेला शेतकरी गळ्यातल्या दोरीसकट तहसीलच्या रांगेत उभा आहे आणि खिडकीतला बाबू विचारतो, ‘कर्जवसुलीचा तगादा होता, याचा पुरावा?’

मामांना हसू फुटलं. “हे तू रचलेलं नाहीस.”

“नाहीच. नापिकी, कर्ज, तगादा कागदावर सिद्ध झालं तर प्रकरण ‘पात्र’. मग एक लाख. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. नाहीतर मेलेला माणूस ‘अपात्र’. इतका कडू विनोद मला सुचला नसता, मामा. मी फक्त चित्र काढलं.”

“आणि चौथ्या पानावर त्याची बायको चेक घेऊन सोनाराच्या दुकानाकडे बघतेय, ते कशाला?”

“कुणालाच सोडायचं नाही, म्हणून.”

अंडरग्राउंड कॉमिक्सचा बाणा तोच होता. १९५४च्या कॉमिक्स कोडने अमेरिकेतल्या चित्रकथा सोवळ्या करून टाकल्या होत्या. १९६८मध्ये रॉबर्ट क्रम्बच्या ‘झॅप’ या कॉमिकने ते सोवळं मोडलं. आपल्याकडे लघुअनियतकालिकवाल्यांनी सायक्लोस्टाइल अंकांतून प्रस्थापितांची टर उडवली आणि १९६९मध्ये राजा ढाले व मित्रांनी ‘सत्यकथा’ या प्रस्थापित मासिकाचा अंक जाळला.

“पण क्रम्बने काळ्या बाईचं जे विद्रूप चित्रण केलं, त्याचं काय?” मामा म्हणाले.

“चित्रकार ट्रिना रॉबिन्सने त्याला ठणकावलं की. १९७०मध्ये तिने फक्त बायकांचं कॉमिक काढलं, १९७२मध्ये ‘विमेन्स कॉमिक्स’ सुरू झालं.”

“तिच्या हातात पेन होतं. या बाईच्या हातात काय आहे?”

हा प्रश्न टाळता येत नाही. बाबू आणि विधवा कागदावर शेजारी दिसतात. अंक वाटल्यावर बाबू निवांत घरी जाईल, बाजारातून मान खाली घालून जावं लागेल ते तिला. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९मध्ये संविधानाच्या संथ गतीवर व्यंगचित्र काढलं. गोगलगायीवर बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. पाठ्यपुस्तकातल्या त्या चित्रावर २०१२मध्ये वाद पेटला, तेव्हा अनेकांना आधी दिसला तो चाबूक. त्यांचा सल खरा होता. पण पुणे विद्यापीठात त्या पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली आणि तो सल ऐकून घेण्याची वाटच बंद झाली.

“त्याच वर्षी मुंबईत असीम त्रिवेदींना व्यंगचित्रांपायी राजद्रोहाखाली धरलं,” भाची म्हणाली. “दुखावलं जाण्याचा हिशेब एकदा सुरू झाला की सगळ्यात आधी सरकारच दुखावतं.”

“सरकारचं राहू दे, आपलं बघ. १९९३च्या भूकंपात इकडे बघ्यांची अशी झुंबड उडाली की मदतीला अडथळा झाला. त्यांनाही वाटत असणार, आपण फक्त बघतोय.”

भाची थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पान काढून टाकलं तर बाई गोष्टीतूनच जाईल. त्यापेक्षा तिलाच बोलू देते. तालुक्यात अशा बायका आहेत, त्यांना दाखवून विचारते.”

“त्यांना नाही आवडलं तर?”

“तर चौथं पान जाईल. बाबू राहील.”

“आणि बाबूलाही काढून टाक म्हणाल्या तर? त्यांना त्याच खिडकीवर परत जायचंय.”